उगी बसायचं कसं? पाच मिनिटांचं ध्यान, घरच्या घरी

आमच्या शेजारच्या अज्जी नातवाला दिवसातनं वीसेक वेळा तरी ओरडतात, "सुम्न कुंदर!" कन्नड न येणाऱ्यांसाठी सांगतो, म्हणजे गप बस. पण या 'सुम्न'चा अजून एक अर्थ आहे, काही कारण नसताना, सहज. कुणी विचारलं कशाला आलास, तर म्हणायचं "सुम्न बंदीनि", म्हणजे असंच आलो. आणि गंमत बघा, मराठीत पण सेम भानगड आहे. उगी राहा म्हणजे गप्प राहा, आणि उगाच म्हणजे बिनकामाचं. मला विचाराल तर ध्यान म्हणजे एवढंच की, उगी बसायचं आणि उगाच बसायचं. उगी बसणं पहिल्या आठवड्यात जमतं. उगाच बसणं जाम अवघड, कारण आपल्याला प्रत्येक गोष्टीचा फायदा पाहिजे असतो, बीपी उतरलं पाहिजे, पोराचे मार्क वाढले पाहिजेत, डोकं शांत झालं पाहिजे आणि ते पण सोमवारपर्यंत.

मी कोण गुरू वगैरे नाही. बेळगावात वडगावला राहतो, उद्यमबागेत एका फौंड्रीत हिशेब बघतो, जीएसटीची तारीख जवळ आली की माझा आवाज घरात दोन पट्ट्या वर जातो. चार वर्षांमागं डॉक्टरांनी बीपीची गोळी चालू केली आणि म्हणाले जरा शांत बसत जा रोज. गोळी अजून चालू आहे हे आधीच सांगतो, म्हणजे नंतर कोण म्हणायला नको की ध्यान करतोय म्हणून गोळी बंद केली. असलं काही करू नका.

सुरुवात मी मोबाईलवरच्या ॲपनं केली आणि तिथंच पहिली चूक झाली. त्यातली बाई हिंदीत गोड आवाजात सांगायची, डोळे मिटा, समुद्रकिनारा डोळ्यासमोर आणा, लाटांचा आवाज ऐका. आता बेळगावच्या माणसाला समुद्रकिनारा म्हटलं की गोवा, आणि गोवा म्हटलं की चोर्ला घाट, घाट म्हटलं की मागच्या सीटवर पोराला झालेली उलटी, मग पार्किंग, मग तिथल्या फिश थाळीचा रेट. दहा मिनिटांत मी अख्खा वीकेंड करून परत यायचो आणि डोकं आधीपेक्षा जास्त गरम. तेव्हापासून माझं मत झालंय की नवीन माणसानं कल्पना करायचं ध्यान करू नये. जे समोर आहे, आत्ता चालू आहे, तेच धरावं. आणि सगळ्यात स्वस्त, कायम सोबत असलेली गोष्ट म्हणजे श्वास.

बसायचं कुठं? घरातली कुठलीही जागा चालते जिथं पाच मिनिटं तुम्हाला कुणी ओलांडून जाणार नाही. मी मधल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून बसतो. खाली मांडी घालून बसता येत असेल तर चटईवर एक जाड उशी किंवा घडी घातलेलं जेन (जाड लोकरी घोंगडं), आणि त्याच्या पुढच्या कडेवर बसा, मध्यावर नको. कंबर गुडघ्यापेक्षा जरा वर राहिली की पाठ आपोआप ताठ होते, धरून ठेवावी लागत नाही. हे मला सहा महिन्यांनी कळलं, तोपर्यंत पाठदुखीलाच तप समजत होतो. गुडघे साथ देत नसतील तर सरळ खुर्ची घ्या, प्लॅस्टिकची पण चालेल, पाय जमिनीवर टेकलेले, पाठ टेकून लोळायचं नाही एवढंच. खुर्चीवर बसलं तर ध्यान होत नाही असं कुठंही लिहिलेलं नाही. पतंजलींनी आसनाबद्दल फक्त 'स्थिरसुखमासनम्' म्हटलंय, स्थिर पाहिजे आणि सुखाचं पाहिजे. पद्मासनात बसून ओरडायची पाळी येत असेल तर ते दोन्हीपैकी काही नाही.

वेळ पाच मिनिटं. खरंच पाचच. पहिल्या दिवशी जोशात अर्धा तास बसणारे चौथ्या दिवशी गायब होतात, मी स्वतः दोनदा झालोय. मोबाईल फ्लाइट मोडवर टाका, पाच मिनिटांचा टायमर लावा आणि पालथा ठेवा. टायमर लावायचा तो शिस्तीसाठी नाही, तर 'किती वेळ झाला असेल' हा विचार तरी कमी व्हावा म्हणून. सकाळी चहाच्या आधी बसलेलं बरं, कारण पेपर उघडला, व्हॉट्सॲप उघडलं की संपलं. पण सकाळ मिळत नसेल, बायकांना तर नाहीच मिळत, डबे असतात, तर दुपारची झाकपाक झाल्यावर बसा. ठरलेली वेळ ठरलेल्या कामाला चिकटवली की विसरत नाही, दात घासले की बसायचं, दिवा लावला की बसायचं, असं.

आता डोळे मिटा, किंवा अर्धवट उघडे ठेवून जमिनीवर तीन-चार फूट पुढं बघा. श्वास नाकातनं आत जातोय बाहेर येतोय ते जाणवू दे. काहींना नाकपुडीच्या कडेला गार हवा लागते ती जाणवते, काहींना पोट वरखाली होतं ते जास्त स्पष्ट असतं, जे सोपं वाटेल ते धरा आणि निदान महिनाभर बदलू नका. श्वास मुद्दाम खोल घ्यायचा नाही, लांबवायचा नाही, तो त्याचं काम करतोय तुम्ही नुसतं बघायचं. बाहेर सोडताना मनात एक म्हणा, पुढचा सोडताना दोन, असं दहापर्यंत जायचं आणि परत एकवर यायचं. झालं. शिकवायचं एवढंच आहे.

करून बघा मग कळेल. तीन-चारपर्यंत व्यवस्थित जाल, पाचव्याला 'अरे जमायला लागलं की' असं वाटेल, मग गॅसचा नंबर लावायचा राहिला आठवेल, मग एकदम भान येईल की आपण सतरावर पोचलोय, किंवा मोजणंच कधी बंद झालंय. इथंच लोक म्हणतात माझं मन लागत नाही, मला ध्यान जमत नाही. आणि इथंच सगळी मेख आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

आमच्या घराला लागून यंत्रमाग आहेत. सकाळी आठला खटक्-खटक् चालू होते ती रात्रीपर्यंत. एकदा रविवारी करमत नव्हतं म्हणून मी तिथं जाऊन बसलो. मागवाले मामा चार माग एकटे बघतात. माग चालू असतो, धोटा इकडनं तिकडं पळत असतो, आणि मध्येच ताण्यातला एक धागा तुटतो. मामा माग थांबवतात, तुटलेली दोन टोकं शोधतात, बोटं जिभेला लावून गाठ मारतात, परत चालू. दोन मिनिटांनी दुसऱ्या मागावर तेच, मग कुठल्या तरी मागाची कांडी संपते. अर्ध्या तासात मी मोजलं तर अकरा वेळा झालं. मी म्हटलं मामा वैताग येत नाही का ओ, सारखं तुटतंय की. ते माझ्याकडं न बघताच म्हणाले, "तुटणारच की धागा. नायतर मी हितं कशाला हाय?"

हे डोक्यात ठेवून बसा. लक्ष तुटणारच. तुटलं हे ज्या क्षणी कळलं तो क्षण म्हणजेच ध्यान, आणि परत 'एक'वर येणं म्हणजे गाठ मारणं. पाच मिनिटांत वीस वेळा तुटलं आणि वीस वेळा परत आलात तर वीस वेळा ध्यान झालं, त्यात चिडायसारखं काय नाही. उलट पाच मिनिटं कसं छान गेलं कळलंच नाही असं झालं तर बहुतेक डुलकी लागली होती. परत येताना स्वतःला शिव्या घालू नका, 'काय हे माझं मन' वगैरे भाषण देऊ नका, कारण ते भाषण पण विचारच आहे, धागा अजून तुटलेलाच आहे. नुसतं मनात 'विचार' म्हणा आणि एक. आवाज आला तर 'आवाज' आणि एक. माग, कुकर, शेजारचा टीव्ही, गल्लीतलं कुत्रं, सगळं चालू दे. मला आधी वाटायचं या खटक्-खटक् मध्ये कसलं ध्यान, आता माग बंद असले की चुकल्यासारखं वाटतं.

श्वासाबद्दल एक प्रयोग करा, मजेशीर आहे. डाव्या मनगटावर अंगठ्याखाली उजव्या हाताची दोन बोटं ठेवून नाडी शोधा. सापडली की सावकाश श्वास आत घ्या आणि त्याहून सावकाश सोडा, असं सात-आठ वेळा. नीट लक्ष दिलंत तर आत घेताना ठोके जरा जवळजवळ पडतात आणि सोडताना लांब पडतात असं जाणवेल. हे बिघडलेलं काही नाही, तसंच असतं, पोरासोरांच्यात जास्त स्पष्ट कळतं, वय झालं की कमी. व्हेगस नावाची एक नस मेंदूपासून हृदयाकडं, खाली पोटाकडं जाते, ती हृदयाला सावकाश चल म्हणून सांगते आणि श्वास सोडताना तिचा जोर वाढतो. म्हणून घाबरल्यावर, चिडल्यावर लांब श्वास 'सोडा' म्हणतात, त्याला आधार आहे. मोठ्या माणसाचा आरामात असताना मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास होतो, सावकाश सोडायला लागलात की तो आपोआप कमी होतो. पण हा झाला तातडीचा उपाय, साहेबांचा फोन येऊन गेल्यावरचा. रोजच्या बैठकीत श्वासाला हात लावायचा नाही, दोन्हीची गल्लत करू नका.

आता रोजच्या धावपळीत हे घुसवायचं कसं, कारण सकाळची पाच मिनिटं तर एकदाची होतात, उरलेल्या दिवसाचं काय. माझी सगळ्यात आवडती जागा रेल्वे गेट. टिळकवाडीकडं जाताना गेट पडलेलं असलं की आधी माझा जीव वरखाली व्हायचा, घड्याळ बघ, हॉर्न मार, बाजूनं कोण पुढं घुसतंय त्याच्याकडं डोळे वटारून बघ. आता गेट दिसलं की गाडी बंद करतो, दोन्ही पाय रस्त्यावर टेकतो, डोळे उघडेच ठेवून दहा श्वास मोजतो. दहा श्वासाला मिनिटभर पण लागत नाही, मालगाडी असेल तर चार-पाच फेऱ्या आरामात होतात. पुढचा माणूस हॉर्न मारत असतो तो मारू दे, 'आवाज' म्हणायचं आणि एक. गाडी चालवताना मात्र असलं काही करायचं नाही, तेव्हा रस्ता हेच ध्यान.

दुसरी जागा दूध तापवताना. गॅससमोर उभं राहून नुसतं दुधाकडं बघायचं. आधी कडेला बारीक बुडबुडे, मग साय ताणते, मध्ये जरा फुगते, आणि मग एकदम वर. या सगळ्याला पाच-सहा मिनिटं लागतात आणि आपण ती कधीच बघत नाही, मोबाईल बघतो आणि दूध उतू गेल्यावर धावतो. माझ्या बायकोला मी हे सांगितलं तर ती म्हणाली तीस वर्षं मी हेच करायलोय, त्याला ध्यान म्हणतात हे माहीत नव्हतं. तिचं बरोबर आहे. भांडी घासताना पाण्याचा गारवा, तांदूळ निवडताना बोटांखालचा दाणा, हे सगळं चालतं, अट एकच, की त्या वेळी तेच करायचं, कानात हेडफोन नको.

चालणं पण चांगलं. रोज संध्याकाळी फिरायला जात असाल तर पहिली शंभर पावलं गप्पा न मारता, फक्त तळवा टेकतोय उचलतोय एवढं बघत चाला, मग खुशाल राजकारणावर बोला. घरात फारच गर्दी असेल तर किल्ल्यात जा. रामकृष्ण मिशनच्या आश्रमात शांत बसता येतं, कुणी काय विचारत नाही. कमल बस्ती हे जैन मंदिर पण तिथंच आहे, १२०४ सालचं, दगडात कोरलेलं छताचं कमळ बघत दहा मिनिटं कशी जातात कळत नाही. विवेकानंद १८९२ च्या ऑक्टोबरात बेळगावात राहून गेले, रिसालदार गल्लीतलं ते घर आता स्मारक आहे, आपल्यातले कितीतरी जण तिथनं रोज बाजारला जातात आणि आत कधी गेलेले नसतात. मी पण त्यातलाच होतो.

काही जण म्हणतात हे आपलं नाही, पुण्या-मुंबईचं किंवा परदेशातलं फॅड आहे. असं म्हणणाऱ्यांनी आपल्याच गल्लीत सकाळी सहाला एक फेरी मारावी. आमच्या आबांच्या हातात तुळशीची माळ, १०८ मणी, मेरुमणी आला की ओलांडायचा नाही, माळ उलटी फिरवून परत. शेजारच्या अज्जी आंघोळ करून डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन त्याच्याकडं एकटक बघत बसतात, तेवढ्या वेळात नातवानं घर डोक्यावर घेतलं तरी ओरडत नाहीत. पलीकडं जैन काकू सामायिकाला, म्हणजे त्यांच्या ध्यानाला बसतात, ते ४८ मिनिटांचं असतं, म्हणजे बरोबर दोन घटका, आणि तेवढ्यात बेल वाजली तरी उठायचं नाही. कोपऱ्यावरचे टेलर चाचा गिऱ्हाईक नसलं की तसबीह ओढत असतात. मणी असू दे, लिंग असू दे, नाम असू दे, प्रत्येकानं मनाला बांधायला एक खुंटी ठोकलीय. तुमच्या घरात आधीच अशी खुंटी असेल तर श्वासाच्या मागं लागायची पण गरज नाही, तीच वापरा. फक्त माळ ओढत ओढत सुनेला भाजीत मीठ किती घालायचं ते सांगू नका.

अडचणी सगळ्यांना येतात त्या पटापट सांगतो. झोप येत असेल तर डोळे उघडा, तरी आली तर झोपा, तुम्हाला ध्यानापेक्षा झोपेची गरज आहे. पायाला मुंग्या आल्या तर पाय सावकाश हलवा, कोण बक्षीस देणार नाही. खाज आली तर आधी दोन श्वास तिच्याकडं नुसतं बघा, बऱ्याचदा जाते, नाही गेली तर खाजवा. डास हा पावसाळ्यातला खरा शत्रू, त्याला पंखा फुल्ल करणे याशिवाय माझ्याकडं आध्यात्मिक उत्तर नाही. कधी कधी उगाचच रडू येतं, जुनं काहीतरी वर येतं, थोडं येऊ दे. पण डोळे मिटल्यावर छाती धडधडायला लागली, भीती वाटायला लागली, तर जबरदस्तीनं बसू नका, डोळे उघडा, पायाचे तळवे जमिनीला दाबा, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मनात घ्या. काही जणांना शांत बसलं की त्रास वाढतो, हे खरं आहे आणि त्यात त्यांची चूक नाही. आधीपासून डिप्रेशनची वगैरे ट्रीटमेंट चालू असेल तर आपल्या डॉक्टरांना सांगूनच करा.

आणि दिसत काही नाही. हे स्पष्ट सांगायला पाहिजे, कारण व्हिडिओ बघून लोक निळा प्रकाश, कपाळात कंप असल्या गोष्टींची वाट बघत बसतात. मी पहिल्यांदा उठलो तेव्हा बायको दारातच उभी, "काय दिसलं ओ?" म्हटलं काय नाही. "मग कशाला बसलासा?" आता तिला काय सांगणार. फरक बसल्यावर नाही, नंतर कधीतरी कळतो, तो पण दुसऱ्यांना आधी. मला आमच्या ऑफिसच्या पोरानं सांगितलं, सर तुम्ही हल्ली फाईल आपटत नाही.

एक महिना पाच मिनिटं न चुकता झाली तर दहा करा, तीन महिन्यांनी पंधरा-वीस, त्याच्यापुढं मला स्वतःला कधी गरज वाटली नाही. कुणाला आणखी खोलात जायचं असेल तर इगतपुरीला विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर असतं, पहाटे चारला घंटा, शेवटच्या दिवसापर्यंत बोलायचं नाही, मोबाईल जमा, फी नाही, शेवटी वाटलं तर दान. पण तिथं जायच्या आधी घरात रोज अर्धा तास बसायची सवय असू दे, नाहीतर विहिरीत पोहायला न शिकता थेट घटप्रभेत उडी मारल्यासारखं होईल. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट बसू नका, ते इन्स्टॉलमेंट नाही, थकबाकी चढत नाही.

आणि नळाला पाणी यायच्या दिवशी सरळ सुट्टी घ्या. त्या दिवशी कान नळाकडंच असतात, पहिला फुस्स आवाज आला की अख्खी गल्ली उठते, तुम्ही एकटे काय बसणार. मी त्या दिवशी घागरी भरतानाच मोजतो, घागर रिकामी असताना आवाज कसा पोकळ असतो, भरत आली की कसा बारीक होत जातो, दहा श्वासात एक भरते, आमच्या नळाला प्रेशर असेल तर.